'टू बिल्ड अ फायर'चे शब्द: अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त अडवतात

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न. अभ्यासाला जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' ही कथा आहे. त्यांनी शब्दकोश घेऊन १४० शब्दांची यादी केली, समोर मराठी अर्थ लिहिले आणि ती दोनदा पाठही केली. तरी वाक्यं लागत नाहीत, आणि आठवडाभरात निम्मे शब्द विसरले. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: यादी लक्षात ठेवायची पद्धत, आणि मराठीत नसलेल्या बर्फाच्या शब्दांचं काय करायचं याचं उत्तर.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात २३ वर्षं इंग्रजी शिकवतो आणि ही कथा अनेकदा शिकवली आहे. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, पण अडचण पाठांतराची नाही. तुम्ही यादीत घेतले ते अनोळखी शब्द. ही कथा ज्या शब्दांवर उभी आहे ते बहुतेक तुम्हाला 'येतात' असं वाटणारे आहेत, म्हणून ते यादीत आलेच नसणार. क्रीक, फोर्क, स्प्रिंग, फ्लॅट, क्लेम, बिस्किट, सीझन्ड, मर्क्युरी, ऑब्टेन. तुमची वही उघडून बघा, यातले किती आहेत.

आधी एक सांगतो. तुमच्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्दांना थेट गुण असतील, तर तेवढ्यापुरती यादी पाठ करावीच लागेल. जुन्या प्रश्नपत्रिका पाहून ते ठरवा. आणि तुमच्या हातात कोणती कथा आहे तेही तपासा, कारण याच नावाच्या लंडनच्या दोन कथा आहेत. १९०२ साली मुलांच्या एका साप्ताहिकात आली तिच्यात टॉम व्हिन्सेंट नावाचा तरुण हातपाय भाजून, हिमदंश घेऊन का होईना, वाचतो. १९०८ सालच्या कथेत माणसाला नाव नाही, सोबत एक कुत्रं आहे, आणि माणूस मरतो. अभ्यासक्रमात बहुधा ही दुसरी असते. मी तिच्याबद्दल लिहितोय.

आता शब्द. सुरुवात जमिनीपासून करू, कारण माणूस कुठे चाललाय तेच कळलं नाही तर पुढचं काही कळत नाही. 'क्रीक' म्हटलं की आपल्याला ठाण्याची खाडी आठवते, आणि ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते बरोबरही आहे. लंडन अमेरिकन. त्याच्या क्रीकला भरती-ओहोटी नाही, तो डोंगरातून येणारा ओढा आहे. माणूस सोबत्यांच्या छावणीकडे पायी निघालाय, ती आहे 'हेंडरसन क्रीकच्या लेफ्ट फोर्क'वर, म्हणजे हेंडरसन ओढ्याच्या डाव्या फाट्यावर. फाटा हा आपला शब्द इथे इतका चपखल बसतो की वर्गात मला दुसरं काही सांगावं लागत नाही. 'क्लेम' हा कोर्टातला दावा नाही, सोनं शोधण्यासाठी सरकारदरबारी आपल्या नावे नोंदवलेला जमिनीचा तुकडा आहे. खाणपट्टा म्हणा. लंडन २१ वर्षांचा असताना, १८९७ मध्ये, सोन्याच्या शोधात कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या क्लोंडाइकला गेला होता आणि याच हेंडरसन ओढ्यावर त्याने स्वतःच्या नावाने असा पट्टा नोंदवला होता. सोनं नाही, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) घेऊन तो पुढच्या वर्षी परतला. म्हणजे हे शब्द त्याने कोशातून उचललेले नाहीत, तिथे हिवाळा काढून आणलेले आहेत.

'स्प्रिंग' चुकला तर अख्खी कथा हातातून जाते. वसंत ऋतूही नाही आणि गादीतली स्प्रिंगही नाही, हा झरा आहे. उघडपणे वाहणारा झराही नाही. ओढा तळापर्यंत गोठलेला असला तरी डोंगराच्या कुशीतून झिरपणारं पाणी गोठत नाही. ते ओढ्याच्या बर्फावरून, पण वर पडलेल्या हिमाच्या खालून वाहत राहतं. वर पातळ पापुद्रा, खाली पाणी, त्याखाली पुन्हा पापुद्रा, पुन्हा पाणी. लंडन त्यांना 'ट्रॅप' म्हणतो, आणि तिथे आपला 'सापळा' पुरेसा आहे. माणूस त्यात नडगीच्या निम्म्यापर्यंत भिजतो. तेवढंच. नदीत बुडत नाही, कड्यावरून पडत नाही. नडगी भिजण्याने माणूस का मरतो, हे समजायला पुढचे आकडे समजावे लागतात.

कथेत तापमान उणे ७५ आहे, फॅरनहाइट. आपल्या मापात साधारण उणे ५९. हे अतिशयोक्त वाटतं, पण युकॉन प्रदेशातल्या स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ सेल्सिअसची नोंद झाली आहे. कथेत पुढे येतं की '१०७ डिग्रीज ऑफ फ्रॉस्ट' होते. इथे विद्यार्थी गोंधळतात: ७५ चे १०७ कुठून झाले? फॅरनहाइटमध्ये पाणी ३२ ला गोठतं. त्या ३२ पासून खाली मोजलं तर ३२ अधिक ७५, म्हणजे १०७. हा 'फ्रॉस्ट' म्हणजे गवतावरचं दहिवर नव्हे, गोठणबिंदूपासून आपण किती खाली उतरलो त्याचं ते माप आहे.

त्याच वाक्याच्या शेवटी 'ऑब्टेन्ड' आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात 'मिळवले' असा अर्थ सांगून पुढे गेलो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, कोणी मिळवले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री मोठा कोश उघडला तेव्हा कळलं की कर्माशिवाय वापरला की 'ऑब्टेन'चा अर्थ 'अस्तित्वात असणे, चालू असणे' असा होतो. एवढी थंडी होती, इतकाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं. तेव्हापासून ही कथा शिकवताना ओळखीचा शब्द वाक्यात बसेनासा झाला की मी तिथेच थांबतो. तुम्हीही थांबा. अनोळखी शब्द आपण शोधतोच, ओळखीच्या शब्दाला कोणी उलटून विचारत नाही.

आणि कथेतल्या माणसाचं नेमकं हेच झालेलं आहे. सुरुवातीलाच लंडन सांगतो की तो व्यवहारात चलाख होता, वस्तू त्याला कळत होत्या, पण वस्तूंचा अर्थ कळत नव्हता. उणे ५० हा आकडा त्याला माहीत होता. त्यातून त्याला कळलं ते एवढंच, की थंडी आहे, त्रास होईल. माणसाचं शरीर किती नाजूक आहे, इथपर्यंत त्याचा विचार गेला नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, ही कथा शब्दार्थांची यादी करून वाचू नका. यादीत शब्दासमोर शब्द येतो, आणि या माणसाकडे तेवढंच होतं.

मर्क्युरीकडे वळतो. आमच्या निफाडचं नाव हिवाळ्यात रोज पेपरात असतं. 'निफाडचा पारा घसरला', तापमान एकेरी आकड्यात. त्यामुळे 'मर्क्युरी' दिसला की आमची मुलं डोळे मिटून 'पारा' लिहितात. कथेच्या शेवटाकडे माणूस पळत असतो, पायांना संवेदना नसते, जमिनीला पाय लागतात की नाही तेही कळत नाही. तेव्हा त्याला कुठेतरी पाहिलेला पंख असलेला मर्क्युरी आठवतो. तो पायाला पंख असलेला रोमन देव आहे, देवांचा निरोप्या. पारा तिथे असणं शक्यही नाही, कारण पारा उणे ३९ सेल्सिअसच्या आसपास स्वतःच घट्ट होतो. त्या थंडीत पाऱ्याचा तापमापक उपयोगाचा नाही. म्हणून माणूस थुंकून बघतो. उणे ५० फॅरनहाइटला थुंकी बर्फावर पडताच तडकते, हे त्याने ऐकलेलं होतं. आज ती हवेतच तडकली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मराठीत शब्द नाहीत हा. अर्धं खरं आहे. आपल्याकडे गारवा, गारठा, कडाका, हुडहुडी आहे. आपण काकडतो, कुडकुडतो, आपली दातखीळ बसते. पाणी गोठतं आणि तूप थिजतं, इतका बारीक फरक आपण करतो. पण हे सगळे शब्द जिथे माणूस सकाळी उठून चहा पितो त्या थंडीचे आहेत. त्याखालच्या थंडीला आपला शब्द पोचत नाही, आणि 'महाभयंकर', 'जीवघेणी' अशी विशेषणं रचून ती थंडी जवळ येत नाही. लंडननेही तसं केलेलं नाही. तो 'कोल्ड' हा साधा शब्द पुन्हा पुन्हा वापरतो आणि बाकी थंडी वस्तूंतून दाखवतो. तिथे मराठी मुळीच कमी पडत नाही.

उदाहरण घ्या. माणूस तंबाखू चघळतोय. श्वासाची वाफ मिशा-दाढीवर गोठून ओठ असे जखडलेत की त्याला पिंक नीट टाकता येत नाही. ती हनुवटीवर ओघळते आणि तिथेच गोठते. ओठ जखडणाऱ्या बर्फाला लंडन 'मझल' म्हणतो. कोशात बंदुकीचं तोंड असाही अर्थ आहे, तो इथे लागत नाही. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं, तोच हा शब्द. आणि हनुवटीवर गोठलेल्या पिंकेची दाढी 'अंबर'सारखी होते. आपलं अंबर म्हणजे आकाश, हा तृणमणी आहे: पिवळा-तपकिरी, पारदर्शक आणि काचेसारखा फुटणारा. तंबाखूचा रंग आणि बर्फाचा ठिसूळपणा एका शब्दात आले.

हात गरम करायला माणूस ते 'थ्रेश' करतो. थ्रेश म्हणजे मळणी, धान्याची झोडपणी. ज्याने लहानपणी भाताच्या पेंढ्या आपटलेल्या पाहिल्या आहेत त्याला ती हालचाल दिसते: दोन्ही हात पसरून, पूर्ण ताकदीने बरगड्यांवर आपटणं. नुसतं 'हात हलवले' लिहिलंत तर घाबरलेला माणूस दिसतच नाही. तसंच रक्ताचं. थंडीपुढे रक्त 'रिकॉइल' होतं. यामागे खरी शरीरक्रिया आहे. कडाक्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शरीर ऊब हृदय-मेंदूसाठी राखून ठेवतं, म्हणून बोटं, नाक, कान आधी जातात. लंडन रक्ताला कुत्र्यासारखं जिवंत समजतो, लपायला बघणारं. मराठीत मी म्हणेन, रक्ताने अंग चोरलं. यापेक्षा जवळचा शब्द मला अजून सापडलेला नाही.

'मिटन' मात्र भाषांतर न करता ठेवा. 'हातमोजा' म्हटलं की पाच बोटांचा मोजा डोळ्यांपुढे येतो. मिटनमध्ये अंगठा वेगळा, चार बोटं एकत्र, आणि ती एकमेकांना ऊब देतात. त्यातून काडी ओढता येत नाही. काडी ओढायची तर मिटन काढायचा, आणि काढला की मिनिटभरात बोटं बधिर. माणसाची सगळी कोंडी या एका वस्तूत आहे. 'मोकॅसिन' हेही तसंच ठेवा: चामड्याचे मऊ जोडे. भिजून त्यांचे बंद लोखंडी कांबीसारखे कडक झाले, म्हणून ते सोडवता येत नाहीत आणि तो सुरी काढतो. 'बिस्किट' मात्र नक्की बदला, नाहीतर वाचकाला ग्लुकोजचा पुडा दिसतो. ते मऊ पावासारखं असतं, चरबीत भिजवलेलं, मधे बेकनचा काप. तो ते शर्टाच्या आत उघड्या अंगाला लावून नेतो, कारण बाहेर ठेवलं तर दगड होईल.

जाळाच्या बाबतीत तर मराठी श्रीमंत आहे, आणि कथेचं नावच जाळाचं आहे. आमच्याकडे गारठा वाढला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. त्या पोरांना मी शब्द सांगायला लागत नाही, तीच मला सांगतात: चिपाडं, काटक्या, ढलप्या, सरपण, धग, निखारा, धुमसणं, भडका. कथेतल्या 'सीझन्ड' फांद्या मसाला लावलेल्या नाहीत आणि अनुभवीही नाहीत, वर्षभर वाळून खडखडीत झालेल्या आहेत. पुराच्या पाण्याने झुडपांत अडकवलेलं ते सरपण आहे. माणूस आधी मोठे ओंडके बर्फावर टाकतो, कारण ज्योतीखाली बर्फ वितळला तर ती त्याच पाण्यात विझेल. मग खिशातल्या 'बर्च बार्क'ला काडी लावतो. बर्च म्हणजे भूर्ज. आपल्या जुन्या पोथ्या ज्याच्या सालीवर लिहिल्या त्या भूर्जाच्याच कुळातला हा वृक्ष आहे, आणि 'बर्च' व 'भूर्ज' हे शब्दही एकाच मुळातून आलेले आहेत. या सालीत तेल असतं, ओलसर असली तरी ती पेटते. 'भूर्जाची साल' लिहा, शब्द आपल्या घरातला आहे. स्प्रूसला मात्र देवदार म्हणू नका, तो वेगळा वृक्ष आहे. 'स्प्रूस' ठेवा आणि एकदा सांगा की त्याच्या फांद्यांवर हिमाचे ढीग साचतात.

कारण तिथेच घात होतो. माणसाने शेकोटी झाडाखाली लावली, काटक्या ओढून थेट जाळात टाकणं सोपं जात होतं म्हणून. प्रत्येक काटकीबरोबर झाड किंचित हललं. वरच्या एका फांदीने हिमाचा भार 'कॅप्साइज' केला. हा नाव उलटण्याचा शब्द आहे, मराठीत 'कलंडवला' म्हणा. ते हिम खालच्या फांदीवर, तिथून आणखी खालच्या, आणि शेवटी सगळं शेकोटीवर. लंडन 'विझली' म्हणत नाही. 'ब्लॉटेड आउट' म्हणतो, पाटीवरची अक्षरं पुसावीत तशी पुसली गेली. विझलेल्या शेकोटीत निखारे उरतात, फुंकर मारता येते. इथे काही उरलं नाही.

याच ठिकाणी दोन अगदी सोपे शब्द आहेत, आणि मी वर्गात सर्वात जास्त वेळ त्यांच्यावर देतो. 'फॉल्ट' आणि 'मिस्टेक'. लंडन म्हणतो की हा त्याचा स्वतःचा फॉल्ट होता, आणि लगेच स्वतःला सुधारतो: खरं तर मिस्टेक. मुलं दोन्हींसमोर 'चूक' लिहितात आणि वाक्य निरर्थक होतं. फॉल्ट हा दोष आहे, तो स्वभावाला, नियतीला चिकटतो. मिस्टेक ही चूक आहे, एक कृती, जी वेगळी करता आली असती. शेकोटी उघड्यावर लावता आली असती. दोष म्हटलं तर त्याच्यावर खटला चालतो, चूक म्हटलं की पोटात कालवतं, कारण काटक्या जवळ पडतात म्हणून आपणही तिथेच लावली असती. तुम्ही परीक्षेत या दोन शब्दांवर अर्धं पान लिहिलंत तर ते यादीतल्या १४० शब्दांपेक्षा जड भरेल असं मला मनापासून वाटतं.

काही शब्दांवर जास्त थांबू नका. 'चेचाको' हा तिकडच्या व्यापारी बोलीतला, चिनूक जार्गनमधला शब्द आहे, नवा आलेला या अर्थाचा. लंडन त्याच वाक्यात त्याचा अर्थ सांगून टाकतो. 'नवखा' पुरे. 'उपरा' नको, त्यात तिरस्कार येतो. 'पॉल' ही शवपेटीवर पसरायची चादर, पण कथेत ती सगळ्या दृश्यावर पसरली आहे, तिथे 'सावट' सुंदर बसतो. आणि 'फ्लॅट'वरच्या, म्हणजे सपाटीवरच्या, गवताच्या उंचवट्यांसाठी कथेत एक जुना शब्द आहे जो कृष्णवर्णीयांसाठी अपमानास्पद आहे. तो पाठ करू नका, उत्तरात लिहू नका. गवताचे गड्डे म्हणा.

तुम्ही मराठीत सारांश लिहिणार असाल तर एक व्याकरणाची गोष्ट. इंग्रजीत माणूस 'ही' आणि कुत्रा 'इट', त्यामुळे कोण काय करतंय ते स्पष्ट राहतं. मराठीत 'तो माणूस' आणि 'तो कुत्रा' लिहिलंत की दुसऱ्याच परिच्छेदात कोण कोणाकडे बघतंय ते कळेनासं होतं. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे, ते वापरा. 'कुत्रं', 'ते'. मी 'कुत्रं' लिहायला लागलो तेव्हापासून मुलांच्या उत्तरांतला हा गोंधळ जवळजवळ थांबला.

आता पद्धत. यादी फेकू नका, पण फाडून तीन कागद करा: जमीन-पाणी, जाळ, शरीर. कथा तीनदा वाचा, दर वेळी एकच कागद हातात घेऊन. पहिल्या वाचनात वहीत ओढ्याचा नकाशा काढा: फाटा कुठे, तो जेवला कुठे, भिजला कुठे. दुसऱ्या वाचनात तिन्ही शेकोट्या लिहा, कशावर लावली, कशाने पेटवली, कशाने गेली. तिसऱ्यात शरीराचा कोणता भाग कधी गेला, त्याचा क्रम. प्रत्येक शब्दासमोर अर्थाऐवजी त्या शब्दाने कथेत काय केलं ते एका ओळीत लिहा. 'थ्रेश: बोटं परत यावीत म्हणून हात बरगड्यांवर आपटले.' असं लिहिलेलं विसरत नाही. घरात किंवा गावात सियाचीनला राहून आलेला कोणी फौजी असेल तर तिसऱ्या कागदासह त्यांच्याकडे जा. आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याचे वडील आले होते. त्यांनी कथा वाचलेली नव्हती. 'बोटं दुखायची थांबली की घाबरायचं', एवढं ते बोलले, आणि 'नम' (बधिर) या शब्दाचा अर्थ मला नंतर कधी सांगावा लागला नाही.

शेवटच्या वाक्यातला एक शब्द तुमच्या यादीत नक्की नसेल, कारण तो कोशात नाही. माणूस गेल्यावर कुत्रं थोडा वेळ थांबतं आणि मग छावणीच्या दिशेने निघतं, जिथे दुसरे 'फूड-प्रोव्हायडर्स' आणि 'फायर-प्रोव्हायडर्स' असतात. हे कुत्र्याच्या बाजूने माणसाला दिलेलं नाव आहे. 'अन्नदाते' लिहू नका, त्यात कृतज्ञता येते आणि कुत्र्याच्या मनात ती नाही. 'खायला घालणारे आणि जाळ करणारे' असं लिहून बघा, मोठ्याने वाचा, आणि जमलं तर तुमचा शब्द मला कळवा.